ऊन बाहेर, वारा आत

निवृत्त माणसाने घर बांधायला काढले की सल्ला देणाऱ्यांना तोटा राहत नाही. पाया किती खोल घ्यावा, पाण्याची टाकी कुठे असावी, देवघर कोणत्या कोपऱ्यात, यावर वाटेवरचा माणूसही थांबून बोलतो. खिडक्यांवर मात्र कोणी बोलत नाही. नकाशावर भिंतीच्या दोन रेघांमध्ये एक बारीक खूण असते, शेजारी ‘चार बाय पाच’ असे लिहिलेले असते, आणि विषय संपतो. कासा येथे आम्ही नवरा-बायकोने जे लहानसे घर बांधायला घेतले आहे, त्याच्या नकाशात अशा नऊ खुणा होत्या. गेले सहा महिने मी त्या नऊ खुणांच्या मागे आहे. एवढ्या काळात एक कादंबरी लिहून झाली असती, असे बायको म्हणते.

पण हा सगळा खटाटोप मुख्यतः तिच्यासाठीच आहे. तिला दमा आहे. एअरकंडिशनर लावलेल्या बंद खोलीत तिला तासभरही बसवत नाही. म्हणजे आमच्या घराला एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर हे महिने पंख्याच्या आणि खिडक्यांच्या जोरावर काढायचे आहेत. आणि वळवाच्या एका वादळात वीज गेली, की पंखाही नाही. मग उरतात फक्त खिडक्या. तेव्हा ‘चार बाय पाच’ एवढ्यावर हा विषय संपू देणे मला परवडणारे नव्हते.

कासा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले हे गाव, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटी नाक्याजवळचे. डहाणूच्या समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत. समुद्राचा दमटपणा इथवर येतो, त्याची झुळूक मात्र वाटेत निम्मी होते. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा दुपारी यात्रेकरू झाडाची सावली धरून बसतात, आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतींना घाम फुटलेला असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बँकेने मला या भागात पाठवले होते. पीककर्जाच्या फाइली घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडलो, आणि हा मुलूख मनात बसला. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला सहजी घेता येत नाही, आणि तो कायदा योग्यच आहे. आमचे चार गुंठे गावातल्या एका व्यापारी कुटुंबाकडून घेतलेले, बिगरशेती झालेले आहेत.

खिडक्यांच्या शोधात मी आधी महामार्गावरच्याच एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकान चकचकीत. मालक अदबीचा. त्याने एक खोका दाखवला. आत तापलेला दिवा, पुढे दोन काचा. ‘काका, या काचेवर हात ठेवा.’ ठेवला, चटका बसला. ‘आता या.’ ही दुसरी काच दुहेरी होती, मध्ये हवेची पोकळी, आतून डोळ्यांना न दिसणारा धातूचा लेप. हात कोमट राहिला. एकही शब्द न बोलता विक्री कशी करावी याचा तो उत्तम नमुना होता. मी विचारले, ‘हा दिवा कोणत्या दिशेला आहे?’ तो हसला. प्रश्न मी गंभीरपणे विचारला होता.

दरपत्रक घरी आले तेव्हा बायकोने ते दोनदा वाचले आणि काही न बोलता घडी करून ठेवले. साध्या काचेच्या खिडक्यांच्या कितीतरी पट रक्कम होती. त्याच आठवड्यात शिकागोहून भाच्याचा फोन. ‘मामा, खिडकीवर पैसे वाचवू नका. इकडे आम्ही दुहेरी काच बसवली, हीटिंगचं बिल किती उतरलं!’ त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. फक्त ते शिकागोला खरे होते.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणतीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मी मांडली. खिडकीच्या काचेला दोन आकडे असतात. पहिला, आत आणि बाहेर तापमानात फरक असला की काचेतून किती उष्णता झिरपते याचा. एकेरी साध्या काचेतून, एका अंशाच्या फरकाला, दर चौरस मीटरमागे साधारण ५.७ वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून त्याच्या निम्मी, सुमारे २.८. दुसरा आकडा उन्हाचा. काचेवर जेवढी सौर उष्णता पडते तिच्यातला किती हिस्सा खोलीत शिरतो? साध्या काचेतून शंभरातले ऐंशीच्या वर, साध्या दुहेरी काचेतून सत्तरच्या आसपास, आणि तो अदृश्य लेप असलेल्या चांगल्या काचेतून तीसएक.

आता शिकागोचा जानेवारी घ्या. बाहेर उणे दहा, घरात वीस. फरक तीस अंशांचा, तोही दिवसरात्र, महिनोन्महिने. तिथे पहिला आकडा निम्मा झाला की खिडकीमागे दीडशेच्या वर वॅट वाचतात, चोवीस तास. भाच्याचे पैसे वसूल होणारच. आणि आमचा एप्रिल घ्या. बाहेर अडतीस, आत तीस, फरक आठ अंशांचा, तोही दुपारचे चार-पाच तास. चार बाय पाचच्या आमच्या खिडकीचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरहून थोडे जास्त. गुणाकार केला तर दुहेरी काचेने वाचतात चाळीस-पंचेचाळीस वॅट. जुन्या पिवळ्या बल्बाएवढे.

त्याच खिडकीवर पश्चिमेचे ऊन आले तर? स्वच्छ उन्हात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर पाचशे-सहाशे वॅट पडतात. साधी काच धरली तर खोलीत साडेसातशे ते नऊशे वॅट शिरतात. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, भर उन्हाळ्यात, इलेक्ट्रिकची शेगडी लावून ठेवण्यासारखे. एक टनाचा एअरकंडिशनर साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका खिडकीची उस्तवार करण्यात जाईल.

या हिशेबाने माझा निर्णय निम्मा झाला. आपल्या हवेत खिडकीतून झिरपणारी उष्णता ही किरकोळ खर्चाची बाब, आणि थेट ऊन ही मुद्दलाला हात घालणारी. अर्थात लेपाची काच उन्हावरही चालते, आणि ज्याला उंच इमारतीत पश्चिमेचा फ्लॅट मिळाला आहे, बाहेर काही लावायची सोसायटीची परवानगी नाही, त्याने ती जरूर घ्यावी. फक्त विकत घेताना ‘दुहेरी आहे का’ एवढेच विचारू नये, उन्हाचा आकडा लेखी मागावा. आमच्यासारख्या बैठ्या घराला मात्र ऊन काचेपर्यंत पोचूच न देणे स्वस्त पडते. काचेत शिरलेली उष्णता आतल्या पडद्याने फारशी अडत नाही, कारण ती तोवर घरात आलेली असते. अडवायची ती बाहेर.

बाहेर म्हणजे छज्जा. पण सरसकट दोन फुटी छज्जा काढून मोकळे होण्याची आपल्याकडे जी रीत आहे तिच्यात अर्धे सिमेंट वाया जाते. कासा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डोक्यावरच्या सूर्याला दक्षिणेच्या खिडकीत डोकावता येत नाही. दोन फुटी छज्जा तिथे उन्हाळाभर पूर्ण सावली धरतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा छज्ज्याखालून कोवळे ऊन आत येते, आणि ते हवेच असते. दक्षिणेची खिडकी म्हणजे शहाणी खिडकी. उत्तरेची त्याहून निरुपद्रवी. पश्चिमेला मात्र एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य सत्तावीसेक अंशांवर उतरलेला असतो, आणि दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीच्या वरच्या फूटभरावर कशीबशी पडते. बाकीची काच उघडी. तिथे उपयोग पडवीचा, झाडाचा, बाहेरून सोडलेल्या बांबूच्या तट्टीचा. पूर्वेचेही गणित तसेच, फक्त सकाळी भिंती गार असतात म्हणून ते सुसह्य होते.

बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमधले जुने इराणी-पारशी बंगले पाहिले की वाटते, हे सगळे लोकांना ठाऊक होते. रुंद व्हरांडा, मागे आडव्या लाकडी झडपांच्या खिडक्या. झडप तिरपी केली की ऊन आणि पाऊस बाहेर, वारा आत. गोव्याच्या जुन्या घरांमध्ये तर काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे चौकटीत बसवत, त्यातून दुधासारखा उजेड येई. मग काच स्वस्त झाली, आणि आपण तिचे पैसे वसूल करायला लागलो. आमच्या बँकेतही तेच झाले. शाखेत पहिल्यांदा एअरकंडिशनर आला तो संगणकासाठी. कर्मचारी आणि ग्राहक हे त्याचे आश्रित. पुढे दर्शनी भिंत काचेची झाली, आणि पश्चिमाभिमुख शाखेतला कॅशियर दुपारी तीननंतर डोळ्यांवर वर्तमानपत्र धरून नोटा मोजू लागला.

हा प्रश्न वीजबिलापुरता नाही, हे डहाणू तालुक्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. केंद्र सरकारने १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्याच दशकाच्या मध्यात डहाणूच्या खाडीकाठी कोळशावरचे पाचशे मेगावॅटचे वीजकेंद्र उभे राहिले. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमाभिमुख काचा दुपारी जे ऊन आत घेतात, ते बाहेर काढण्यासाठी थोडाफार कोळसा आमच्याकडे जळतो.

आता वाऱ्याचे. दमट हवेत अंगावरचा घाम वाळला की निम्मे काम होते, आणि घाम वाळवायला वारा लागतो. इथे खिडकी किती मोठी याला अर्थ नाही, ती उघडते किती याला आहे. रेफ्रिजरेटरवरचे तारे देणारी ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्राची संस्था आपल्याला माहीत आहे. तिने २०१८च्या डिसेंबरात ‘इको-निवास संहिता’ नावाची घरांसाठीची नियमावली आणली. मुळात ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी, तेव्हा आमचे चार गुंठे तिच्यात बसत नाहीत. पण तिच्यातला एक नियम मी वहीत उतरवून घेतला. उष्ण-दमट प्रदेशात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश एवढी जागा प्रत्यक्ष उघडणारी हवी.

आमचे घर सातशे चौरस फुटांचे. एक षष्ठांश म्हणजे एकशे सतरा. नऊ खिडक्या चार बाय पाचच्या, एकूण एकशे ऐंशी चौरस फूट. भरपूर वाटतात ना? पण दुकानदाराचे दरपत्रक सरकत्या खिडक्यांचे होते. दोन पाखांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, कारण एक पाख नेहमी दुसऱ्याच्या मागे जाऊन उभे राहते. म्हणजे नव्वद चौरस फूट. बाहेरची दारे हिशेबात धरता येतात, पण रात्री दार उघडे ठेवून झोपणारा माणूस आता गावातही सापडत नाही. बिजागरीची, बाहेर उघडणारी जुन्या पद्धतीची खिडकी घेतली तर नव्वद टक्के उघडते. एकशे बासष्ट. चौकटी त्याच, भिंत तीच, आणि वारा जवळजवळ दुप्पट. सरकती खिडकी आपल्याकडे आली ती मुख्यतः गॅलऱ्या बंद करताना पाख बाहेर उघडायला जागा नव्हती म्हणून, आणि मग जागा असलेल्यांनीही ती फॅशन म्हणून लावली, असे माझे मत झाले आहे.

वारा आत यायला जसे एक तोंड लागते तसे बाहेर जायला दुसरे. एकाच भिंतीत दोन प्रशस्त खिडक्या केल्या तरी खोलीतली हवा डबक्यासारखी उभी राहते. समोरासमोर नसल्या तरी वेगवेगळ्या भिंतींत हव्यात. आतली दारे रात्री बंद होतात, म्हणून जुन्या घरांत दारावर झरोके असत. आम्ही ते पुन्हा काढायला लावले. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, हे आता कोणी करत नाही. वरून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं.’ आमच्या घरात दोनच माणसे आहेत आणि चाळीस वर्षांत जे ऐकायचे ते ऐकून झाले आहे. डासांच्या जाळीने वारा बराच कमी होतो, ती टाळणे मात्र शक्य नाही. त्याची भरपाई खिडकी मोठी करूनच होते.

कासा परिसरातली मूळची घरे पाहिली तर खिडकी जवळपास नसतेच. वारल्यांचे कुडाचे घर म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, वर पेंढ्याचे जाड छप्पर, त्याच्या वळचणी इतक्या खाली की भिंतीला ऊन लागू नये. भिंत आणि छप्पर यांच्या फटीतून चुलीचा धूर जातो, हवा येते. आत अंधार, पण गारवा. दिवस सगळा बाहेर, शेतात, रानात. घर धान्यासाठी आणि पाठ टेकण्यासाठी. त्या काळोख्या भिंतींवर लग्नकार्यात तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जात. ती कला जगभर पोचवणारे जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. म्हणून ‘पूर्वीचे तेच बरे’ असे शहरातून आलेल्या माणसाने म्हणू नये. त्या धुराने बायांचे डोळे आणि छाती जायची, पेंढा वरचेवर बदलावा लागे, आणि पावसात कूड भिजून खाली येई. पक्के घर कोणाला नको असते?

आमच्या बांधकामावर भिंतींना पाणी मारायला शेजारच्या पाड्यातली एक बाई येते. दोन वर्षांपूर्वी तिला घरकुल मिळाले. तिने एकदा आग्रहाने चहाला नेले. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पश्चिमेला तोंड, कारण रस्ता पश्चिमेला. दर्शनी भिंतीत मध्ये दार, दोन बाजूंना दोन लोखंडी खिडक्या, छज्जा जेमतेम वीतभर. मागच्या भिंतीत काही नाही. घर पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे दोनशे सत्तर चौरस फुटांचे. सवयीने मी मनात हिशेब केला. तीन बाय चारच्या दोन खिडक्या आणि एक दार, बेरीज पंचेचाळीस. एक षष्ठांश बरोबर भरतो. कागदावर घर पास. आणि दुपारी साडेचारला त्या घरात भट्टी लागल्यासारखी झळ होती. तिची सासू ओट्यावर, भिंतीपासून दूर सरकून बसली होती. पाळण्यातले नातवंड आंब्याखाली.

‘घर चांगलंय काका,’ बाई म्हणाली. ‘फक्त झोपायचं बाहेर.’

उघड्यावर झोपण्यावरून भूकंपाची गोष्ट निघाली. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारच्या पुढचा एक धक्का बसला. धक्के कमी-जास्त होत पुढेही चालू राहिले, आणि त्या थंडीत माणसे घर असून तंबूत झोपली. तेव्हा ते भिंतीच्या भीतीने, आता उकाड्याने. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि मला काय बोलावे ते सुचेना.

या मार्चमध्ये आमच्या मिस्त्रीला घेऊन मी तिच्याकडे गेलो. दोष एकट्या खिडक्यांचा नाही, हे त्याने आधीच सांगितले. बैठ्या घरात सगळ्यात जास्त ऊन छप्पर खाते, खिडकीचा नंबर नंतर. पत्र्यांवर चुन्याचे दोन हात दिले. मागच्या भिंतीत, पत्र्याच्या लगेच खाली, दोन फूट बाय दीड फुटाचा झरोका काढला; गज आणि जाळी लावली. जागा निवडताना मिस्त्रीने भिंतीचा मध्य धरला आणि लिंटेलच्या पट्टीला हात लावला नाही. कोपऱ्याजवळ भोक पाडले की धक्क्यात भिंत तिथूनच फाटते, हे तो या भागात काम करून शिकला आहे. बांधकामाची भूकंपविषयक मानकेही तेच सांगतात. दर्शनी बाजूला बांबूचा मांडव घातला, त्यावर पावसाळ्यात घोसाळ्याचा वेल चढेल, तोवर पेंढा. मजुरी दीड दिवसाची. घर गार झाले असे मी म्हणणार नाही. पण तापलेली हवा आता वरून निघून जाते, आणि म्हातारी रात्री दहा-अकरानंतर आत झोपायला जाते. घरकुलाच्या ठरावीक नकाशात मागच्या भिंतीत झरोका आणि पश्चिमेला हातभर छज्जा एवढे आले, तर ते असे मागाहून फोडत बसावे लागणार नाही. पश्चिमेला तोंड असलेली घरकुले या रस्त्याला रांगेने आहेत.

त्या भूकंपाने आमच्या घराच्याही दोन गोष्टी ठरवल्या. पलंगाची उशाकडची बाजू खिडकीखाली ठेवायची नाही, आणि काच साधी घ्यायची नाही. साधी काच फुटली की सुऱ्या होतात. टफन केलेली काच फुटली तर तिचे बोथट तुकडे होतात. दुकानदाराच्या यादीतली ही एकच जादा रक्कम मी घासाघीस न करता दिली. शिवाय प्रत्येक खोलीतली एक जाळीदार ग्रिल आतून उघडेल अशी केली. चोराच्या भीतीने आपण स्वतःला किती पक्के कोंडून घेतो हे आग लागल्यावर किंवा जमीन हलल्यावर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चौकटींच्या बाबतीत मी फार डोके चालवले नाही. अॅल्युमिनियममधून उष्णता लवकर जाते हे खरे, पण वर सांगितल्याप्रमाणे आमच्याकडे आत-बाहेरचा फरकच थोडा. यूपीव्हीसी चांगल्या प्रतीचे असेल तर उत्तम. लाकूड पावसाळ्यात फुगते. तरी मुंबईच्या पाडलेल्या इमारतींचे जुने सागवान ज्या वखारींत मिळते, तिथून झडपांच्या दोन खिडक्या मी उचलल्या. शंभरेक पावसाळे खाऊन झालेले लाकूड आता आणखी काय फुगणार? त्या नैर्ऋत्येकडच्या खोलीला लावल्या. जून-जुलैचा पाऊस तिकडून तिरपा येतो, आणि खिडकी सताड उघडी ठेवता येत नाही तेव्हाच दमट हवेचा कोंडमारा सगळ्यात जास्त असतो. झडपा तिथे कामाला येतात. खिडकीच्या तळाच्या कडाप्प्याला बाहेर उतार द्यायला मात्र मिस्त्रीच्या मागे उभे राहावे लागले. सपाट बसवला की पाणी आत, आणि दुसऱ्या वर्षी भिंतीचे पोपडे.

एक गाठ सुटायला वेळ लागला. आमच्या घरापुढचा रस्ता महामार्गाला मिळतो, आणि मालट्रक रात्रभर चालू असतात. आवाज अडवायचा तर खिडकी घट्ट बंद हवी, वारा हवा तर उघडी. जिथून हवा येते तिथून आवाज येतोच, याला कोणत्याही कंपनीकडे उत्तर नाही. शेवटी आम्ही खिडकीऐवजी खोली हलवली. रस्त्याच्या बाजूला न्हाणीघर, कोठीची खोली आणि माझी पुस्तके. झोपायची खोली मागे. पुस्तकांच्या खोलीला एकच लहान खिडकी, जाड चिकटकाचेची, रबर लावून बंद होणारी. पुस्तकांना आवाजाचा त्रास होत नाही, आणि मला तसेही आताशा कमी ऐकू येते.

पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या मी नकाशातून खोडल्या होत्या. बायकोने त्यातली एक परत काढायला लावली. तिकडे भाताची खाचरे आहेत, त्यापलीकडे आंबे, आणि संध्याकाळी सूर्य त्या आंब्यांमागे जातो. ‘एवढ्या लांब येऊन राहायचं आणि मावळतीकडे भिंत?’ ती म्हणाली. साडेसातशे ते नऊशे वॅटचा कागद मी पुढे केला. तिने तो वाचला, आणि खिडकी लहान कर म्हणाली. तेव्हा तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असे ठरले. बाहेर सहा फुटी पडवी, पडवीच्या कडेला गुंडाळता येणारी बांबूची तट्टी, आणि या एका खिडकीला ती लेपाची महागडी काच. चारपासून सहापर्यंत तट्टी खाली, सहानंतर वर.

तिची उंची ठरवायला गेल्या रविवारी बायको प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन अर्ध्या बांधलेल्या खोलीत बसली. वाळूचे ढीग, सळ्या आणि पाण्याचे पिंप यांच्या मधोमध. बसल्या जागेवरून खाचरे दिसली पाहिजेत, उठावे लागता कामा नये, अशी तिची अट होती. मिस्त्रीने भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली आणि तिथून खाली सव्वा फुटाचे माप घेतले.